हवेतला जिवंत विषाणू पकडताना : नाशिकमधल्या नवख्यांसाठी

पीसीआरचा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे हवेतला विषाणू जिवंत होता, असं होत नाही. पीसीआर विषाणूच्या जनुकीय साखळीचा एक तुकडा शोधतं, आणि तो तुकडा निकामी झालेल्या विषाणूतही शाबूत राहू शकतो. या कामाला नव्याने लागलेल्यांची पहिली गल्लत इथेच होते. दुसरी गल्लत जरा आडून येते : नमुना घेण्याची क्रियाच विषाणूला मारते. हवेत तो जिवंत असतो, तुमच्या फिल्टरवर येऊन सुकतो आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत कल्चरला, म्हणजे जिवंत पेशींवर विषाणू वाढवून पाहण्याला, काही उगवत नाही. मग आपण खुशाल लिहून मोकळे होतो की धोका नव्हता.

हा लेख सूक्ष्मजीवशास्त्राचं एमएस्सी करणाऱ्यांसाठी, दवाखान्यातल्या संसर्ग-नियंत्रण सिस्टरांसाठी आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत धुळीचे, वाफांचे नमुने घेणाऱ्या पण विषाणूंकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या मंडळींसाठी आहे. धुळीचे नमुने घेतलेल्यांना पंप, नळी, कॅसेट हे सगळं ओळखीचं असतं. त्यांना नवं शिकायचं आहे ते एवढंच की धूळ मरत नाही, विषाणू मरतो.

सगळ्या कामाचा पेच एका ठिकाणी आहे. माणसाच्या अंगावर लावायचं यंत्र लहान, हलकं, बॅटरीवर चालणारं आणि तासन्‌तास टिकणारं हवं. विषाणू जिवंत ठेवायचा तर ओलावा हवा, हवेचा मारा हळुवार हवा आणि वेळ थोडका हवा. दोन्ही एकाच यंत्रात पूर्णपणे साधत नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर तुम्ही या दोन टोकांमध्ये कुठे उभं राहायचं तेच ठरवत असता.

आधी प्रश्न, मग लॅब, यंत्र सगळ्यात शेवटी

कॅटलॉग उघडण्याआधी एका ओळीत प्रश्न लिहा. ‘वॉर्डातल्या हवेत फ्लू आहे का?’ हा एक प्रश्न. ‘नेब्युलायझेशनच्या (औषधाचा फवारा श्वासातून देण्याच्या) वेळी शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या श्वासात फ्लूचा जिवंत विषाणू जातो का?’ हा अगदी वेगळा. पहिल्याला खोलीत स्टँडवर ठेवलेलं मोठं यंत्र पुरतं. दुसऱ्याला नमुना त्या सिस्टरच्या अंगावरच घ्यावा लागतो, कारण त्या रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतात आणि कोपऱ्यातल्या स्टँडला त्याचा पत्ताही नसतो.

दर वेळी जिवंतपणा तपासायची गरज नसते, हे मी मुद्दाम सांगतो. हवा खेळती आहे का, मास्क लागतो का, कुठल्या कामाच्या वेळी हवेत विषाणू जास्त येतो, एवढंच कळायचं असेल तर पीसीआर पुरतं. ते स्वस्तही पडतं आणि नमुना सुकला तरी फारसं बिघडत नाही. संसर्गक्षम विषाणू श्वासात गेला की नाही, हाच प्रश्न असेल तरच कल्चरच्या वाटेला जा.

मग लॅबशी बोला. हंगामी फ्लूचं कल्चर बीएसएल-२ म्हणजे दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या लॅबमध्ये होतं, कोविडच्या विषाणूला बीएसएल-३ लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये, ती कितीही चकचकीत असली तरी, हे करायचं नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये सुरू झाली. विषाणूंच्या बाबतीत आपल्याला सगळ्यात जवळची मोठी संस्था तीच. पण अशी कुठलीही लॅब वाटेवरून आलेला नमुना दारात घेत नाही. आधी पत्रव्यवहार, आधी करार. तिथे विचारायच्या गोष्टी : नमुना कोणत्या द्रवात हवा, किती मिलिलिटर हवा, थंड हवा की गोठलेला, आणि आठवड्यातल्या कोणत्या वारी पोचलेला चालेल. कल्चरसाठी पेशी आधी वाढवून ठेवाव्या लागतात, त्यामुळे वार महत्त्वाचा. शुक्रवारी संध्याकाळी पोचलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो.

परवानगीचं थोडक्यात : नमुना माणसाच्या अंगावर घेता म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि त्या व्यक्तीची लेखी संमतीही. दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल तर समिती कुठे बसते ते तुमच्या विभागाला ठाऊक असतं. संमतिपत्र मराठीतच द्या, आणि निकाल त्या व्यक्तीला कळवणार की नाही, कळवणार तर कोण, हे त्यात लिहा.

एक लक्ष्मणरेषाही आखून घ्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या पोल्ट्रींमध्ये कामगारांच्या संपर्काचा अभ्यास करावासा वाटतो आणि विषय चांगलाच आहे. आपल्याच विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला, ते लोक अजून विसरलेले नाहीत. पण शेडमध्ये पक्षी पटापट मरत असतील तर पंप घेऊन आत जायचं नाही. पशुसंवर्धन विभागाला कळवायचं आणि मागे यायचं. ते नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा लॅबकडे जातात आणि ते काम प्रशिक्षित पथकाचं आहे.

कोणतं यंत्र काय देतं

काचेचे इम्पिंजर जुने आणि भरवशाचे. हवा द्रवात शिरते, विषाणू द्रवात राहतो, सुकत नाही. एजीआय-३० आणि बायोसॅम्पलर ही त्यातली नेहमीची नावं, दोन्ही मिनिटाला १२.५ लिटर हवा ओढतात. बायोसॅम्पलरमध्ये हवा द्रवावर सरळ आदळण्याऐवजी गोल फिरते, त्यामुळे विषाणूला मार कमी बसतो. अडचण उघड आहे : काचेचं भांडं, त्यात २० मिली द्रव आणि सॉकेटवर चालणारा पंप हे सगळं कुणी अंगावर वागवत नाही. शिवाय अर्ध्या तासात द्रव उडून कमी होतो, आणि ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण बरेचसे निसटतात. खोलीसाठी उत्तम, माणसासाठी नाही.

अँडरसन इम्पॅक्टर मिनिटाला २८.३ लिटर ओढतो आणि आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर कण आपटतो. जिवाणू आणि बुरशीसाठी छान. विषाणू आगरवर वाढत नाहीत, त्यामुळे कुणी ‘आमच्याकडे अँडरसन आहेच’ म्हणालं तर हुरळून जाऊ नका.

जिवंत विषाणूसाठी आज सगळ्यात सरस पद्धत म्हणजे कणांवर पाण्याची वाफ घनरूप करून त्यांना फुगवायचं आणि मग अलगद द्रवावर उतरवायचं. या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने २०२० मध्ये फ्लोरिडातल्या एका हॉस्पिटलच्या खोलीत, रुग्णांपासून २ ते ४.८ मीटर अंतरावरच्या हवेत कोविडचा जिवंत विषाणू सापडला. तोवर इतर पद्धतींनी पीसीआर पॉझिटिव्ह आणि कल्चर निगेटिव्ह असे निकाल वारंवार येत होते, म्हणजे दोष बऱ्याच अंशी पकडण्याच्या पद्धतीचा होता. मात्र हे यंत्र टेबलावर ठेवायचं आहे, आणि किंमत ऐकून विभागप्रमुख चहा मागवतात.

अंगावर लावायच्या यंत्रांत राहतात ती दोन-तीन. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेचा बीसी-२५१ हा छोटा चक्रवात सॅम्पलर मिनिटाला ३.५ लिटर ओढतो आणि कणांचे तीन गट करतो : ४ मायक्रॉनहून मोठे एका नळीत, १ ते ४ मायक्रॉनचे दुसऱ्या छोट्या नळीत, त्याहून बारीक शेवटच्या फिल्टरवर. कणांच्या आकारावरून ते नाकात अडतात की फुप्फुसात उतरतात याचा अंदाज येतो, म्हणून ही विभागणी मोलाची. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात अशाच सॅम्पलरने फ्लूचं मोजमाप झालं, तेव्हा सापडलेल्या विषाणूपैकी साधारण निम्मा फुप्फुसात पोचू शकणाऱ्या बारीक कणांत होता. ते मोजमाप जनुकीय होतं, जिवंतपणाचं नव्हे. दुसरा पर्याय म्हणजे मिनिटाला ४ लिटर ओढणारा बटन सॅम्पलर किंवा २ लिटर ओढणारा आयओएम, आणि आत तुमच्या पसंतीचा फिल्टर. तिसरा अगदी साधा : पंप नसलेली, सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या पातळ पापुद्र्याची क्लिप, जी येल विद्यापीठाने कोविडच्या काळात वापरून पाहिली. ती कॉलरला लावून दिवसभर हिंडता येतं, पण किती हवेतून किती आलं हे तिच्यावरून नेमकं सांगता येत नाही.

नवख्यांना माझा सल्ला : बटन किंवा आयओएम सॅम्पलर, जिलेटिनचा फिल्टर आणि भरवशाचा पंप. बाकीचं पुढे.

फिल्टर आणि नाशिकची हवा

पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, फिल्टर मजबूत असतो, तासन्‌तास चालतो, पीसीआरला उत्तम. पण त्यावर बसलेल्या विषाणूवरून सतत कोरडी हवा जात राहते आणि फ्लू-कोविडसारखे आवरण असलेले विषाणू त्यात टिकत नाहीत. जिलेटिनच्या फिल्टरमध्ये स्वतःचा ओलावा असतो, आणि तो कोमट द्रवात पूर्ण विरघळतो. म्हणजे विषाणू खरवडून, हलवून काढावा लागत नाही.

हा फिल्टर मात्र नाजूक आहे आणि आपल्याकडे ऋतूप्रमाणे वेगवेगळा त्रास देतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की तो कडक होऊन कॅसेट आवळतानाच तडकतो. श्रावणात उलट : मऊ पडतो, आधारजाळीला चिकटतो, काढताना फाटतो. म्हणून उन्हाळ्यात पाकीट शेवटच्या क्षणी फोडा आणि नमुना १५ ते ३० मिनिटांपुरताच घ्या. पावसाळ्यात कॅसेट उघडायच्या जागी एसी असेल तर बरं, आणि चिमटा निर्जंतुक केल्यावर पूर्ण कोरडा करा. चार तासांच्या पाळीसाठी एकच फिल्टर लावून ठेवू नका. त्याऐवजी पाळीतल्या जोखमीच्या कामांच्या वेळी, राउंड, नेब्युलायझेशन, सक्शन अशा वेळी, छोटे वेगवेगळे नमुने घ्या. त्यातून कोणत्या कामात विषाणू येतो तेही कळतं, जे चार तासांच्या एका नमुन्यात विरून जातं.

आर्द्रतेचा परिणाम हवेतल्या विषाणूवरही होतो, आणि तो सगळ्यांवर सारखा नसतो. फिल्टरवर हवेचा झोत सोसणं वेगळं, पण हवेत तरंगताना फ्लूसारखे आवरण असलेले विषाणू सर्वसाधारणपणे कोरड्या हवेत जास्त टिकतात, तर सर्दीच्या राइनोव्हायरससारखे बिनआवरणाचे दमट हवेत. म्हणून तापमान आणि आर्द्रता न लिहिलेला नमुना मी तरी बाजूला ठेवतो.

पैसे आणि माणसं असतील तर एकाच व्यक्तीच्या दोन्ही कॉलरना दोन सॅम्पलर लावा : एकात जिलेटिन, कल्चरसाठी, थोडा वेळ. दुसऱ्यात पीटीएफई, पीसीआरसाठी, पूर्ण पाळी. सुरुवातीला सांगितलेल्या पेचातून निघायचा हा सगळ्यात सरळ मार्ग.

पंप जुळवणं

प्रवाह सॅम्पलर आणि फिल्टर लावूनच जुळवा, नुसत्या नळीवर नाही. फिल्टरच्या अडथळ्याने प्रवाह बदलतो. हे काम नाशिकमध्येच, शक्यतो त्याच इमारतीत करा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ आहे आणि मुंबईत जुळवून आणलेला रोटामीटर (प्रवाह मोजायची नळी) इथे थोडं चुकीचं दाखवतो. काम संपल्यावर प्रवाह पुन्हा मोजा. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यात ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नमुना बाद धरा. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली असो वा नसो, दुसरा पंप पिशवीत असू द्या.

अंगावर लावताना

सॅम्पलर नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या घेरात, कॉलरला, तोंड पुढे करून लावा. पंप कमरेच्या पट्ट्याला, नळी पाठीवरून वर आणा आणि दोन ठिकाणी चिकटपट्टीने पक्की करा. समोरून लोंबणारी नळी रुग्णाच्या खाटेच्या दांड्यात हमखास अडकते. ॲप्रन किंवा पीपीई सॅम्पलरवर येत नाही ना, ओढणी किंवा पदर तोंड झाकत नाही ना, ते पाहा. गाऊन घातल्यावरच सॅम्पलर लावा, आधी नाही.

हातात वही असलेला एक जोडीदार लागतो. तो लिहितो : पंप कधी सुरू, कधी बंद, कोणतं काम चाललं होतं, रुग्ण किती, खिडक्या उघड्या की बंद, पंखा, एसी, तापमान, आर्द्रता. खिशात कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम दिसतं, बंद ओपीडीत ते १००० च्या वर गेलं तर हवा खेळत नाही एवढं नक्की. पुढे विषाणूच्या निकालाशी हे आकडे जोडून पाहता येतात.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यामुळे गर्दीत सॅम्पलर लावून फिरायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. रामकुंडावर उघड्यावर वारा आणि ऊन असतं, तिथे कणही विरतात आणि विषाणूही लवकर मरतो. हाती काही लागेल असं वाटत नाही. धर्मशाळांची दालनं, प्रथमोपचार केंद्रं, स्वयंसेवक जिथे रात्री ओळीने झोपतात त्या शाळांच्या खोल्या, म्हणजे बंद जागा निवडा.

प्रत्येक फेरीत एक कोरा फिल्टर न्या. तो तिथे उघडायचा, कॅसेटमध्ये बसवायचा, पंप न लावता लगेच काढायचा आणि बाकीच्यांसारखाच पॅक करायचा. तो पॉझिटिव्ह आला तर त्या फेरीचा एकही निकाल वापरायचा नाही.

काढल्यापासून लॅबच्या दारापर्यंत

पंप बंद, कॅसेट काढली, की घड्याळ सुरू झालं असं समजा. जिलेटिनचा फिल्टर लॅबने दिलेल्या द्रवात टाका. सहसा हे थोडं प्रथिन आणि प्रतिजैविकं घातलेलं वाहक माध्यम असतं : प्रथिन विषाणूला सांभाळतं, प्रतिजैविकं जिवाणूंना रोखतात. फिल्टर विरघळायला द्रव कोमट, ३७ अंशांच्या आसपास लागतो. विरघळला की लगेच २ ते ८ अंशांवर. हे सगळं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे आणि एन-९५ घालून.

लसीकरणाचा व्हॅक्सिन कॅरियर या कामाला फार चांगला. आशाताईंना विचारा, त्या तुम्हाला हेही सांगतील की फ्रीजरमधून काढलेला आइस पॅक घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचा आणि मगच भरायचा. नाहीतर त्याला टेकलेली नळी गोठते. घरगुती फ्रीजरच्या उणे २० अंशांत आवरण असलेला विषाणू हळूहळू मरत राहतो, म्हणून तिथे नमुना साठवू नका. एक-दोन दिवसांत पोचणार असेल तर नुसता थंड ठेवा, त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० किंवा त्याखाली. ड्राय आइस वापरलात तर नळीचं झाकण घट्ट आवळून वर पॅराफिल्म गुंडाळा. कार्बन डायऑक्साइड आत शिरला की द्रव आंबट होतो, आणि विषाणूला तेही सोसत नाही.

नाशिक-पुणे रस्ता साधारण २१० किलोमीटरचा, पण चाकणजवळ वाहतूक अडली की वेळेचा भरवसा नाही. पहाटे निघा. पॅकिंग तिहेरी : नळी, तिच्याभोवती शोषक कागद असलेली गळकी नसलेली डबी, बाहेर कडक खोका, त्यावर यूएन ३३७३ चं, म्हणजे जैविक नमुन्याचं, लेबल. एसटीच्या पार्सलने पाठवायचा विचारही करू नका. उरलेला प्लास्टिक कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दवाखान्याच्याच व्यवस्थेत द्या.

निकाल वाचताना

हिशेब इथे महत्त्वाचा, म्हणून सावकाश पाहू. समजा मिनिटाला ३.५ लिटरने ६० मिनिटं नमुना घेतला, १५ मिनिटांच्या चार फिल्टरांवर, आणि ते चारही एकत्र विरघळवले. हवा झाली २१० लिटर. फिल्टर २ मिली द्रवात विरघळले, लॅबने त्यातलं ०.२ मिली पेशींवर घातलं. म्हणजे नमुन्याचा दहावा हिस्साच तपासला गेला. त्यात काही उगवलं नाही, तर म्हणता येतं एवढंच : २१० लिटर हवेत साधारण १० पेक्षा कमी संसर्गक्षम कण होते. घनमीटरला सुमारे ४८. वॉर्डात चालत-वाकत काम करणारी व्यक्ती तासाला साधारण एक घनमीटर हवा श्वासात घेते. मास्क नसेल तर तेवढ्या वेळात चाळीसएक कण आत गेले असतील आणि तुमच्या पद्धतीला ते दिसलेही नसतील. शिवाय पकडताना मेलेले वेगळेच. म्हणून अहवालात ‘विषाणू नव्हता’ असं लिहू नका. ‘या पद्धतीने सापडला नाही, पकडीची मर्यादा इतकी’ असं लिहा, आणि मर्यादेचा आकडा द्या.

पीसीआरचा आकडा आणि कल्चरचा आकडा यांत शेकडो-हजारोपटींची तफावत असते, ती पाहून दचकू नका. कल्चर जमत नसेल तर मधला एक मार्ग आहे : पीएमए नावाचा रंग नमुन्यात घालतात. तो फुटक्या विषाणूत शिरून, उजेड दिल्यावर, त्याची साखळी पीसीआरला वाचता येणार नाही अशी करतो, अखंड विषाणूत शिरत नाही. अखंड म्हणजे जिवंतच असं नाही, तरी नुसत्या पीसीआरपेक्षा चित्र जवळचं दिसतं. प्रत्येक विषाणूला किती रंग आणि किती उजेड द्यायचा ते लॅबला वेगवेगळं ठरवावं लागतं.

ज्या सिस्टरच्या किंवा कामगाराच्या अंगावर पंप होता, त्यांना निकाल सांगताना आकडे मागे ठेवा. कोणत्या कामाच्या वेळी विषाणू मिळाला, तेव्हा खिडकी बंद होती का, मास्क होता का, एवढं सांगा, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐका. त्या खोलीत रोज काय चालतं ते त्यांना तुमच्या वहीपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि पुढचा नमुना कधी आणि कुठे घ्यायचा ते बहुतेक वेळा त्यांच्याच बोलण्यातून ठरतं.